'विधी' म्हणजे नेमके काय? अर्थ, लेखन आणि वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिका, निधनवार्ता, बातमी किंवा सरकारी अर्ज लिहिताना 'विधी' या शब्दापाशी बहुतेकांची लेखणी अडखळते. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि वादाचे नंतर घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विधी म्हणजे काय? साध्या कार्यक्रमापेक्षा तो वेगळा कसा ओळखायचा?

आधीच सांगून ठेवलेली कृती, सांगितलेल्या क्रमाने आणि बहुधा सांगितलेल्याच शब्दांत करणे म्हणजे विधी. तो ओळखायला दोन प्रश्न पुरतात. करणाऱ्याने मनाने क्रम बदलला तर चालते का? आणि कृती झाल्यावर कोणाचा किंवा कशाचा दर्जा बदलतो का? क्रम बदलून चालत नसेल आणि दर्जा बदलत असेल, तर तो विधी.

गणेशचतुर्थीचेच पाहा. मूर्ती वाजतगाजत आणली, मखर केले, रोषणाई केली, ही सगळी हौस. प्राणप्रतिष्ठा हा विधी, कारण त्याआधी समोर असते ती मातीची मूर्ती आणि त्यानंतर तिची पूजा देव म्हणून होते. मिरवणूक रद्द झाली तरी गणपती बसतो, प्राणप्रतिष्ठेशिवाय मात्र बसत नाही. ही कसोटी धर्माबाहेरही तशीच लागू पडते (प्रश्न १३ आणि १६ पाहा).

२. हा शब्द आला कुठून? विधान, विधेयक, विधाता हे त्याचेच नातेवाईक का?

हो. संस्कृत 'धा' म्हणजे ठेवणे. त्याला 'वि' उपसर्ग लागून 'नेमून देणे, ठरवून देणे' असा अर्थ झाला. विधी, विधान, विधेय, विधेयक, विधाता, वैध, अवैध ही सगळी एकाच घरची मंडळी. सरकारी फॉर्मवरचा 'विहित नमुन्यात अर्ज करावा' यातला 'विहित' हेही याच धातूचे रूप आहे. 'विधवा' आणि 'विधुर' यांचा मात्र या घराण्याशी काही संबंध नाही.

ब्रह्मदेवालाही 'विधि' म्हणतात, कारण प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार ते तो नेमून देतो. 'विधिलिखित' आणि 'विधिसंकेत' हे शब्द या अर्थावरून आले, पूजेच्या विधीवरून नव्हे.

३. विधी, संस्कार, समारंभ आणि सोहळा यांत फरक काय? पत्रिकेत कुठला शब्द घालावा?

विधी ही कृती आहे. संस्कार म्हणजे त्या कृतीमुळे माणसावर होणारा परिणाम, आणि लक्षणेने तो घडवणारा विधी. म्हणून गृहप्रवेशाची वास्तुशांत हा विधी असतो पण संस्कार नसतो, आणि मुंज दोन्ही असते. संस्कार सोळा हे रूढ झाले असले तरी सगळ्या ग्रंथांची यादी एक नाही. गौतम धर्मसूत्रात चाळीस संस्कार मोजले आहेत.

समारंभ म्हणजे चार लोकांना बोलावून केलेली गोष्ट, आणि सोहळा म्हणजे तीच थाटामाटात. या दोन्हींत पाहुणे महत्त्वाचे. विधीला पाहुण्यांची गरज नसते. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याला आपण 'सोहळा' म्हणतो ते सबंध प्रसंगाला उद्देशून. त्यातला अभिषेक आणि सिंहासनारोहण हे विधी. पुढे २४ सप्टेंबर १६७४ रोजी निश्चलपुरी गोसावी यांच्याकडून दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला. राजा तोच, सिंहासन तेच, पण गागाभट्टांचा विधी वेगळा आणि निश्चलपुरींचा वेगळा.

पत्रिकेत साधा नेम पाळावा. ज्या वेळी पाहुण्यांनी हजर राहणे अपेक्षित आहे त्यापुढे समारंभ किंवा सोहळा लिहावे, आणि घरच्यांपुरते जे होणार आहे त्यापुढे विधी. 'हळदी समारंभ सायं. ६ वा.' आणि 'देवक व इतर विधी सकाळी' असे लिहिले की कोणाला कशाला बोलावले आहे ते न सांगता कळते.

४. 'कर्मकांड' आणि 'विधी' एकच ना?

मुळात कर्मकांड म्हणजे वेदांचा यज्ञकर्म सांगणारा भाग, त्याच्या जोडीला उपासनाकांड आणि ज्ञानकांड. आज मराठीत 'कर्मकांड' म्हटले की टीका आलीच: अर्थ हरवला, उपचार उरला. म्हणून 'आमच्याकडे उद्या कर्मकांड आहे' असे कोणी म्हणत नाही. तटस्थपणे लिहायचे असेल तेव्हा 'विधी' किंवा 'धार्मिक विधी' लिहावे.

५. तो विधी की ती विधी?

मराठीत पुल्लिंगी. तो विधी, ते विधी, विधीला, विधींना, विधींचा. अनेकवचनात शब्द बदलत नाही, म्हणून 'सर्व विधी झाले'.

'ती विधी' हा हिंदीचा परिणाम. हिंदीत विधि स्त्रीलिंगी आहे आणि तिचा एक अर्थ 'पद्धत' असा होतो. त्यामुळे अनुवादित मजकुरात 'भाजी बनवण्याची विधी' दिसते. मराठीत तिला कृती म्हणतात. हिंदी मालिकांतून आलेल्या 'रस्म'चेही तेच. आपल्याकडे त्यासाठी रीत आणि प्रथा हे शब्द आहेत.

६. 'विधी' लिहावे की 'विधि'? 'विधीवत' चूक का?

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्यांनुसार:

– शब्द एकटा असेल किंवा समासात शेवटी असेल तर दीर्घ: विधी, पूजाविधी, अंत्यविधी, शपथविधी.
– समासात आधी आला तर संस्कृतातल्यासारखा ऱ्हस्व: विधिवत, विधिपूर्वक, विधिज्ञ, विधिमंडळ, विधिनिषेध, विधिलिखित. म्हणून 'विधीवत' आणि 'विधीमंडळ' चूक.
– 'यथाविधि' मात्र ऱ्हस्व. इथे विधी शेवटी आहे हे खरे, पण सगळा शब्द अव्यय आहे. यथामति, तथापि यांच्यासारखाच तो ऱ्हस्वान्त राहतो. मुद्रितशोधन करणारेही इथे फसतात.

संधीची दोन रूपेही तपासून घ्यावीत. विधि + उक्त = विध्युक्त, विधि + अर्थ = विध्यर्थ. 'विधियुक्त' हा वेगळा शब्द. त्यात संधी नाही, विधि आणि युक्त शेजारी बसले आहेत.

जुन्या पुस्तकांत 'पूजाविधि' असे दिसले तर ती चूक समजू नये. ते नियमांच्या आधीचे लेखन आहे.

७. 'प्रातःविधी' बरोबर आहे का?

नाही, प्रातर्विधी. प्रातः मधल्या विसर्गाचा 'व' पुढे आल्यावर रफार होतो. या शब्दात आणि 'नैसर्गिक विधी' मध्ये विधी हा आडपडद्याचा शब्द आहे. पहाटेच्या ठरलेल्या कामांपैकी ज्याचे नाव घ्यायचे नसते तेवढ्यापुरता तो आकसला. त्यामुळे शिबिराच्या वेळापत्रकात 'सकाळी ६ ते ७ विधी' असे मोघम लिहू नये. लोक हसतात.

८. विधी 'करतात', 'उरकतात', 'साजरा करतात' की आणखी काही?

यजमान विधी करतो, गुरुजी तो सांगतात किंवा चालवतात, आणि तो पार पडतो. बातमीत 'पार पडला' पुरेसे आहे. 'उरकणे' आणि 'आटोपणे' यांत घाई दिसते. घरच्या बोलण्यात ती चालते, छापील मजकुरात खटकते. विधी साजरा कधीच करत नाहीत, साजरा होतो तो सण किंवा वाढदिवस.

एक चूक फार दिसते: 'मंत्र्यांनी शपथविधी घेतला'. शपथ घेतात, शपथविधी होतो.

९. यथासांग, शास्त्रोक्त, साग्रसंगीत, सोपस्कार, शास्त्रापुरते: यांत छटा काय?

'यथासांग' म्हणजे सगळ्या अंगांसह, काही न गाळता. 'शास्त्रोक्त' म्हणजे ग्रंथात सांगितल्याप्रमाणे. तो छोटाही असू शकतो. 'साग्रसंगीत' मध्ये थाट आला, म्हणून तो जेवणालाही लागतो. 'सोपस्कार' बहुधा अनेकवचनी आणि किंचित कंटाळलेला: कागदोपत्री सोपस्कार. 'शास्त्रापुरते' किंवा 'शास्त्राला' हा घरगुती वापर सगळ्यांत उपयोगी. विधी मोडायचा नाही पण वाढवायचाही नाही, म्हणून चिमूटभर करायचे. 'शास्त्राला एक घास घे' यात आग्रहही आहे आणि सूटही.

१०. घरच्या पूजेत मुख्य विधी कुठे सुरू होतो? आधीचे अर्धा तास काय चालते?

मोठ्या विधीचे तीन भाग असतात: पूर्वांग, प्रधान आणि उत्तरांग. तुम्ही म्हणता तो अर्धा तास पूर्वांगाचा.

सत्यनारायणाच्या पूजेत साधारण असा क्रम असतो. आचमन: केशव, नारायण, माधव या तीन नावांनी पाणी पिणे, 'गोविंद' म्हणताना ते हातावरून सोडणे, आणि पुढची नावे हात जोडून, एकूण चोवीस. मग प्राणायाम, देवतावंदन आणि संकल्प. संकल्पात देश, काल, गोत्र, नाव आणि कशासाठी पूजा करतो ते उच्चारून उजव्या हातावरून पाणी सोडतात. नंतर सुपारीवर गणपतिपूजन, आणि कलश, शंख, घंटा, दीप यांची पूजा. इथवर पूर्वांग. प्रधान पूजा आणि कथा झाल्यावर आरती, मंत्रपुष्प, प्रसाद, आणि शेवटी उत्तरपूजा करून विसर्जन.

यातला सांधा म्हणजे संकल्प. संकल्पाआधी थांबलात तर काही सुरू झालेलेच नसते. संकल्प सोडल्यावर मात्र पूजा पुरी करावी लागते. म्हणून कोणाची वाट पाहायची असेल तर ती संकल्पाच्या आधी पाहावी. मध्येच 'मामा आले, पाच मिनिटं थांबा' झाले की पुढचे सगळे विस्कटते.

षोडशोपचार म्हणजे प्रधान पूजेतले सोळा उपचार: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. पुरुषसूक्ताच्या ऋचाही सोळा, म्हणून एकेका उपचाराला एकेक ऋचा लावतात. वेळ नसेल तर गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य ही पंचोपचार पूजा. तीही पूर्ण पूजा आहे, अर्धवट नव्हे.

११. सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर विधी अडतो का?

बहुतेक वेळा नाही. जी वस्तू नाही तिच्या नावाने अक्षता वाहतात: 'आभूषणार्थे अक्षतान् समर्पयामि'. वस्त्राच्या जागी कापसाचे वस्त्र चालते. कधी पोथीतच पर्याय दिलेला असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाला कथेत गव्हाचे पीठ सांगितले आहे, ते नसेल तर तांदळाचे. साखर नसेल तर गूळ. आपल्याकडे रवा रूढ झाला. प्रमाण मात्र 'सपाद', म्हणजे सव्वा: रवा, साखर, तूप, दूध, केळी सव्वाच्या मापाने. सव्वा वाटी घ्या किंवा सव्वा किलो, माप कोणते ते महत्त्वाचे नाही. सगळ्यांना एकच माप लावले आणि त्यावर पाव घातला की झाले. केळे विसरले म्हणून प्रसाद बाद होत नाही.

पर्यायाला मर्यादाही आहे. मीमांसाशास्त्राप्रमाणे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राप्रमाणे, द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना चालत नाही. तांदळाऐवजी दुसरे धान्य घेता येईल, पण ज्या देवतेचे आवाहन केले तिच्याऐवजी दुसरीला आहुती देता येत नाही. 'सोयीचे पडले' म्हणून केलेला बदल पचतो की नाही, हे या ओळीवर ठरते.

१२. मधली पायरी राहून गेली किंवा मंत्र चुकला तर?

लक्षात आले त्या जागी ती पायरी करून पुढे जावे. सगळे पहिल्यापासून करण्याची गरज बहुधा नसते. होम असेल तर शेवटी प्रायश्चित्ताच्या आहुती असतातच, कारण काहीतरी चुकणार हे रचनेतच गृहीत धरले आहे. पूजेच्या अखेरीस 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर' म्हणतात त्याचे कामही हेच. भीती घालून विधी पुन्हा करायला लावणाऱ्याला हा श्लोक कशासाठी आहे ते विचारावे.

प्रत्यक्षात बिघडते ते तिथीच्या किंवा नावाच्या उच्चारात. संकल्पात यजमानाऐवजी भलत्याचे गोत्र आले तर ते तिथेच सुधारून घ्यावे. त्यासाठी गुरुजींकडे गोत्र, नावे आणि नाते कागदावर लिहून आधीच द्यावे.

१३. कायद्यात 'विधी' कसा आला? विधी व न्याय विभागाचा पूजेशी काय संबंध?

अर्थ तोच: नेमून दिलेले. 'कायदा' हा अरबीतून आलेला शब्द आणि विधी हा संस्कृत. शासनव्यवहारात दोन्ही राहिले. विधानसभा आणि विधानपरिषद मिळून विधिमंडळ. तिथे मांडतात ते विधेयक, आणि ते मंजूर होऊन संमती मिळाली की अधिनियम. 'विधी सेवा प्राधिकरण' मध्ये विधी सुटा लिहिला आहे म्हणून दीर्घ. जोडून लिहिला तर विधिसेवा (प्रश्न ६ पाहा). पोलिसांच्या बातम्यांतले 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेले मूल. त्याला बालगुन्हेगार म्हणू नये म्हणून हा जड शब्द आला, आणि त्यामागचा हेतू योग्य आहे.

शपथविधी या दोन्ही जगांच्या मध्ये बसतो. मंत्र्याच्या शपथेचा नमुना राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेला आहे, आणि अनुच्छेद १६४(३) प्रमाणे पद ग्रहण करण्यापूर्वी राज्यपाल ती देववतात. शब्द ठरलेले, आणि उच्चारताच दर्जा बदलतो. प्रश्न १ मधली कसोटी पुरी उतरते. पर्यायसुद्धा आतच दिला आहे: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. 'शपथविधी सोहळा' ही द्विरुक्ती नव्हे, पण मथळ्यात 'शपथविधी' एवढे पुरते.

१४. व्याकरणातला 'विध्यर्थ' आणि मीमांसेतला 'विधी' यांचा धर्मविधीशी संबंध आहे का?

आहे, आणि तो समजला की पोथ्या वाचायला सोप्या जातात.

मराठीत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. 'करावे, जावे, द्यावा' ही विध्यर्थाची रूपे. संस्कृतात हे काम विधिलिङ् करते. 'ज्योतिष्टोमेन स्वर्गकामो यजेत' मधले 'यजेत' म्हणजे 'यज्ञ करावा'. मीमांसकांच्या मते वेदवाक्यातला खरा हुकूम म्हणजे हे क्रियापद. बाकीची स्तुती हा अर्थवाद, म्हणजे करणाऱ्याला हुरूप यावा म्हणून सांगितलेले. व्रतांच्या पोथ्यांत 'चौरंग मांडावा, नैवेद्य दाखवावा' येते तो विधी. 'असे केल्याने अमुकाला राज्य मिळाले' हा अर्थवाद. आणि कहाणीतले 'उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये' हा निषेध.

मीमांसक विधीचे आणखी तीन प्रकार करतात. एरवी कळलेच नसते ते सांगणे हा अपूर्वविधी: यज्ञाच्या व्रीहींवर (भातावर) पाणी शिंपडावे. अनेक मार्गांपैकी एकच ठरवून देणे हा नियमविधी: भाताचे तूस नखांनीही निघेल, पण कांडूनच काढावे. तिसरी परिसंख्या फसवी आहे. 'पाच नखांचे पाच प्राणी खावेत' हे वाक्य खा म्हणत नाही, त्या पाचांखेरीज पाच नखांचे इतर प्राणी खाऊ नयेत एवढेच म्हणते. सोसायटीच्या फलकावरचे 'वाहने आखलेल्या जागेत लावावीत' हे असेच वाक्य. वाहन आणाच, असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. विधी म्हणून वाचलेली अर्धी वाक्ये खरे तर परिसंख्या असतात, आणि 'हे केलेच पाहिजे का?' हा वाद तिथूनच निघतो.

१५. लग्न नेमके कधी लागते? मंगलाष्टके झाली की सप्तपदी झाली की?

बोलण्यात, अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या की लग्न लागले. पत्रिकेतला मुहूर्त त्याच क्षणाचा. विधीच्या दृष्टीने विवाह सप्तपदीच्या सातव्या पावलाला पुरा होतो. पाहुणे तोवर पंगतीला बसलेले असतात, हा भाग निराळा.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम ७ सांगते की वर किंवा वधू यांपैकी एकाच्या रूढीतले विधी पुरेसे आहेत. त्यांत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सप्तपदी सगळ्यांना सक्तीची नाही, रूढीत असेल तरच. उलट विधी काहीच न करता नुसता नोंदणीचा दाखला घेतला तर? त्यावर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या अधिनियमाखाली विधीविना केवळ दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. फोटो, चित्रफीत आणि साक्षीदार यांचे महत्त्व इथे आहे.

१६. नोंदणी विवाहात विधी नसतो, बरोबर?

धार्मिक विधी नसतो. पण विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली तीस दिवसांच्या नोटिशीनंतर विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना 'मी तुला कायदेशीर पती/पत्नी म्हणून स्वीकारतो/स्वीकारते' अशा अर्थाचे ठरलेले वाक्य म्हणावे लागते. ते म्हटल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. वाक्य ठरलेले, साक्षीदार ठरलेले, दर्जा बदलणारा. म्हणजे विधीच. पत्रिकेत 'विवाह नोंदणी पद्धतीने' लिहावे. 'विधीविना विवाह' लिहिण्याची गरज नाही.

हाच गैरसमज सत्यशोधक विवाहाबद्दलही आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. नाकारले ते भटजींची मध्यस्थी आणि न समजणारे मंत्र. विधी नाकारला नाही, मराठीत नवा बांधला. १८८७ मध्ये त्यांनी काढलेल्या पुस्तकाच्या नावातच 'सर्व पूजाविधि' हे शब्द आहेत. बौद्ध विवाहातही त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा यांचा क्रम ठरलेला असतो.

१७. अंत्यविधी, अंत्यसंस्कार, अंत्येष्टी, दशक्रिया, उत्तरकार्य: निधनाच्या बातमीत कुठला शब्द कुठे?

अंत्यविधी हा सगळ्यांत व्यापक शब्द, दहन असो की दफन. अंत्यसंस्कार व्यवहारात त्याच अर्थाने, बहुधा अनेकवचनी: 'अंत्यसंस्कार करण्यात आले'. अंत्येष्टी म्हणजे अंत्य + इष्टी, शेवटचा यज्ञ. हा शब्द दहनालाच शोभतो. दफन असेल तर दफनविधी लिहावे.

दशक्रिया विधी दहाव्या दिवसाचा, घाटावर पिंड ठेवतात तो. अकरावा, बारावा (सपिंडीकरण) आणि तेरावा धरून सगळ्याला मिळून उत्तरकार्य म्हणतात. काही भागांत शेवटच्या कार्यक्रमाला गंधमुक्ती किंवा गंगापूजन म्हणतात. नातेवाईक वापरतात तोच शब्द छापावा.

१८. कुटुंब बौद्ध, लिंगायत, ख्रिस्ती किंवा मुस्लिम असेल तर 'दशक्रिया' लिहिलेले चालते का?

नाही. सवयीने छापलेला हा शब्द दुखावतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिथे दशक्रिया लिहिणे म्हणजे त्या कुटुंबाने सोडलेला विधी त्याच्या माथी मारणे. बौद्ध कुटुंबांत जलदानविधी आणि पुण्यानुमोदन हे शब्द रूढ आहेत. लिंगायतांत 'लिंगैक्य' आणि 'शिवगणाराधना'. ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबांसाठी दफनविधी चालतो. पुढचा शब्द त्यांनाच विचारावा.

१९. तारीख ठरल्यावर घरात सूतक आले तर विधी पुढे ढकलावा का?

आधी विधी कोणत्या जातीचा ते पाहावे. नित्य (रोजची संध्या), नैमित्तिक (निमित्त घडले की करायचा, जसे ग्रहणस्नान) आणि काम्य (इच्छेसाठी). काम्य विधी सहज पुढे जातो. नैमित्तिकाचे निमित्त टळले की तो नंतर करण्यात अर्थ नसतो.

लग्नमुंजीला वेगळा नियम आहे. कार्य सुरू झाल्यानंतर सूतक येत नाही, आणि लग्नात सुरुवात धरतात ती नांदीश्राद्धापासून, म्हणजे आपल्याकडे देवक बसते तेव्हापासून. म्हणून घरात कोणी अत्यवस्थ असेल तर नांदीश्राद्ध आधी करून घेतात. किती आधी, त्यालाही मर्यादा आहे: विवाहाच्या आधी जास्तीत जास्त १० दिवस, मुंजीच्या ६ आणि चौलाच्या (जावळाच्या) ३. त्याहून आधी केलेले धरत नाहीत. पूजेत हाच टप्पा संकल्पाचा असतो (प्रश्न १० पाहा).

२०. 'त्याला विधिनिषेध नाही' यातला विधी कुठला?

प्रश्न १४ मधलाच. 'करावे' तो विधी, 'करू नये' तो निषेध. ज्याला दोन्हींची पर्वा नाही त्याला विधिनिषेध नाही. हा शब्द नेहमी नकारात येतो: विधिनिषेध नसणे, न बाळगणे, न पाळणे. 'तो विधिनिषेध पाळतो' असे व्याकरणात चुकत नाही, पण कोणी म्हणत नाही. आणि 'विधीनिषेध' असा दीर्घ कधीच नको.